दुखणं जुनं सांगायचं

आमच्या गावात कालपासूनचं दुखणं कोणाला होतच नसे. ताप आला तर तो दसऱ्यापासूनचा, कंबर धरली तर मागच्या धानाच्या रोवणीपासूनची, आणि खोकला असला तर माणसाच्या लग्नाच्याही आधीपासूनचा. याला मी खोटं बोलणं म्हणणार नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी पाणी द्यावं, तशी ती रीत होती. डॉक्टरपुढे बसलं की दुखणं जुनं सांगायचं.

रीत पडायला कारणही होतं. आमचं गाव साकोलीहून आत, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली वसलेलं. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. गावातली निम्मी घरं धान पिकवणारी, उरलेली आमच्यासारखी पाण्यावर, मासळी-शिंगाड्यांवर जगणारी. सरकारी दवाखाना शेजारच्या मोठ्या गावात आणि तिथे डॉक्टर एकटाच. बाजाराच्या दिवशी रांग पार रस्त्यावर यायची. तो बिचारा तरी काय करणार? "कालपासून दुखते जी" म्हणणाऱ्याला तो मान वर न करता पांढरी गोळी लिहून द्यायचा. "लय दिवसांपासून" म्हटलं की मात्र मान वर व्हायची, गळ्यातली नळी कानात जायची आणि तो गार गोल तुकडा छातीवर टेकायचा. नळी लागली म्हणजे आपल्याला खरंच पाहिलं, असं आमच्याकडे समजत. त्यामुळे आमच्या गावातली दुखणी माणसांपेक्षा वयस्कर होती. एका बाईने तर जेमतेम बारसं झालेलं बाळ पुढे करून सांगितलं होतं, "दोन महिन्यांपासून रडून राहिला जी." डॉक्टर हसला म्हणतात. पण नळी लावली त्याने.

मी लहान असतानाचा एक दिवस मला अर्धवट झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. अंगात ताप होता आणि बाबांच्या सायकलवर मी मागे बसले होते. सायकल पाळीवरून चालली होती. एका हाताला तलाव, दुसऱ्या हाताला खाली धानाची शेतं, आमच्याकडच्या बांध्या, आणि तापामुळे दोन्ही बाजू हळूहळू वरखाली होत होत्या. आपण पाण्यावरूनच चाललोय असं मला वाटत होतं. पाण्यात शिंगाड्याची पानं पसरली होती, त्यांवर एक पक्षी लांब बोटं टाकत चालत होता, आणि तो बुडत कसा नाही याचं मला फार नवल वाटत होतं. बाबांच्या सदऱ्याला ओल्या जाळ्याचा वास यायचा. त्या वासाला गाल लावून मी डोळे मिटले होते आणि ते पुढून विचारत होते,

"कवापासून म्हनशीन?"

"होळीपासून."

"लय मांगं गेली वो बाई. राखीपासून म्हन. होळीपासून ताप असता तर तू असती काय?"

दवाखान्यात मी राखीपासून म्हटलं, नळी लागली, बाबांचा जीव भांड्यात पडला. परतताना त्यांनी मला बाजारातून जिलेबी घेऊन दिली. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तो आला होता आदल्या रात्रीच.

पुढे लग्न होऊन मी साकोलीला आले. हायवेपासून थोडं आत आमचं मॅचिंग सेंटर आहे. साडीचे फॉल, अस्तर, ब्लाउजपीस. दिवसभर मी रंगाला रंग लावून पाहते. बायका साडीचा कोपरा घेऊन येतात, मी कपाटातून ठाण काढते, दारातल्या उजेडात नेते आणि सांगते, हा नाही, याच्या मागचा. या कामाने माणूस थोडा स्वप्नाळू होतो, थोडा चिडकाही. रंग जुळला नाही की मला दिवसभर चैन पडत नाही.

आई गेल्यावर बाबा गावात एकटे राहिले. मी कितीदा म्हटलं, इकडे या. ते यायचे, जेवायचे, ओट्यावर बसून हायवेवरच्या ट्रकांकडे पाहायचे आणि संध्याकाळची एसटी धरून परत जायचे. "इथं पानी कुठी हाये?" म्हणायचे. नळाला येतं ते पाणी त्यांच्या लेखी पाणी नव्हतंच. मला एकच धास्ती होती. एकटा माणूस, रोज पहाटे डोंगा घेऊन तलावात जाणारा, त्याला काही झालं तर मला कळणार कसं? आणि कळलं तरी मी त्यांना नेणार कुठे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन एक दिवस माझ्या नवऱ्याचा ओळखीचा विमा एजंट दुकानात आला. उन्हाळा होता, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने काउंटरवर एक चकचकीत पुस्तिका पसरली. तिच्यात पांढरेशुभ्र केस असलेला एक म्हातारा हिरवळीवर नातवंडांसोबत हसत होता. तसा म्हातारा मी भंडारा जिल्ह्यात कधी पाहिला नाही, पण माझे बाबा तसे हसताना दिसले तर काय बिघडलं, असं मला वाटून गेलं. मोठा खाजगी दवाखाना, वेगळी खोली, नुसतं कार्ड दाखवायचं. रांग नाही, ओळख नाही, कोणाच्या पाया पडणं नाही. मी पॉलिसी घेतली. घेताना माझी छाती फुगली होती हे कबूल करते. दोन पिढ्या पांढऱ्या गोळीवर काढल्या, आता आमच्या घरात कार्ड आलं होतं.

पॉलिसीच्या आधी बाबांची तपासणी झाली. छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं. सगळं ठीक निघालं. एजंट स्वतः गावी जाऊन त्यांना समजावून आला. दोघं पाळीवर बसले, बाबांनी त्याला भाजलेली मासळी खाऊ घातली, आणि त्याने काय काय समजावलं ते मी काही विचारलं नाही. बाबांनी कार्ड देवाच्या फोटोमागे ठेवलं. मला फोनवर म्हणाले, "लय मोठं काम केलं तू, बाई."

हिवाळा लागला. शिंगाडे काढायचे दिवस होते. एका दुपारी गावातली दोन माणसं मोटरसायकलवर मधे बाबांना बसवून, देवाच्या फोटोमागचं कार्ड घेऊन दुकानाच्या दारात आली. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, सदरा घामाने चिकटला होता, आणि तरी ते त्या दोघांना म्हणत होते, "पोरीले भेव लावू नोका." पाळीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली म्हणे, डोंगा बांधायलाही उठता आलं नाही. साकोलीच्या डॉक्टरने तारा लावल्या, जिभेखाली गोळी दिली आणि सांगितलं, ताबडतोब नागपूर.

त्या प्रवासाचं मला फार थोडं आठवतं. बाबांचं डोकं माझ्या मांडीवर. खिडकीतून मागे पळणारं कापलेलं धान, तनसाचे, म्हणजे पेंढ्याचे ढीग, भंडाऱ्याच्या पुलावर नदीचं एक लांब चमकतं पाणी. बाबांनी तेवढ्यात डोळे उघडले आणि म्हणाले, "पानी भरून हाये यंदा." मग पुन्हा मिटले. पुढे शहापूर गेलं तेव्हा मी त्यांच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. हायवेवर ऊन होतं, सगळं शांत होतं, आणि मी मनातल्या मनात ते कार्ड घट्ट धरून ठेवलं होतं. बाबा जगले पाहिजेत, बस. दुसरं काही मला नको होतं.

खाजगी दवाखान्याचं दार आपोआप उघडलं. आत थंडगार. मोठ्या काचेच्या पेटीत रंगीत मासे फिरत होते. बाबांना स्ट्रेचरवरून नेत होते, तरी त्यांनी मान वळवली.

"हे कोन खाते?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही बाबा. पाहण्यासाठी असतात."

"नुसते पाह्याले?" म्हणाले, आणि एवढ्या दुखण्यातही त्यांच्या तोंडावर हसू आलं.

औषधं सुरू झाली, कळ थांबली, संध्याकाळपर्यंत ते बोलायला लागले. खोली इतकी शांत होती की पडद्याची सळसळ ऐकू यायची. नर्स मुली कापसासारख्या पावलांनी येत. बाबांना त्यांनी आकाशी कपडे घातले होते, त्यात ते कोणी दुसरेच वाटत. मी खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत होते आणि प्रत्येक वेळी डोळा उघडला की ही खोली आपली आहे, हे थंड वारं आपलं आहे, आपण हे मिळवलंय, असं वाटून मला बरं वाटत होतं.

त्याच सुमारास एक टापटीप पोरगा फाइल घेऊन आला. खुर्ची ओढून अदबीने बसला. बाबांना इतक्या गोडीने आजवर कोणी विचारलं नसेल.

"काका, छातीचा त्रास कधीपासून आहे?"

बाबा उशीला टेकून बसले. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं. इतका चांगला दवाखाना, इतका नम्र माणूस, त्याला कालपासून म्हणून कसं चालेल? "लय वर्सांपासून," ते म्हणाले. "हे माही पोरगी सायकलवर बसे ना, तवापासून. जाळं ओढता ओढता चमक निंगे. दमबी लागे." पोरगा लिहीत होता. तो लिहितोय हे पाहून बाबांनी आणखी दोन दुखणी जोडली. तो गेला तसं त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि हळूच म्हणाले, "आता पाहतीन नीट."

मी हसले. मलाही यात वावगं काही वाटलं नाही. मी त्याच गावची ना.

तपासणीत हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. ऑपरेशन करावं लागेल, उशीर नको, असं डॉक्टर म्हणाले. विमा कंपनीची मंजुरी आली की लगेच. दुसऱ्या दिवशी दुपारी मला खाली काउंटरवर बोलावलं. काचेच्या पलीकडचा माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणून सांगितलं की मंजुरी आली नाही, येणारही नाही. हा आजार पॉलिसीच्या आधीचा, जुना आहे, आणि तो लपवून पॉलिसी घेतली असं कंपनीचं म्हणणं आहे.

"कोणी सांगितलं जुना आहे?"

"पेशंटनेच," तो म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने."

मी त्याला सांगायला लागले. आमच्या गावची रांग, पांढरी गोळी, नळी, ते बाळ. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती खुळ्यासारखं वाटतंय. काचेत मला माझा चेहरा दिसत होता आणि मागे ते रंगीत मासे. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, आणि माझ्या मागे माझ्यासारखीच दुसरी माणसं उभी होती. शेवटी तो म्हणाला, "ताई, खरं असेल तुमचं. पण त्यांना मी हे कुठल्या रकान्यात लिहू?"

ऑपरेशनचे पैसे आपले आपण भरणं आमच्या ऐपतीबाहेर होतं. त्याचा हिशोब मी इथे मांडत नाही, ज्यांनी तो केलाय त्यांना माहीत आहे. बाबांना आम्ही त्याच दिवशी नागपूरच्याच मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं. मी त्यांना कारण सांगितलं नव्हतं, पण मला नवऱ्याशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये म्हणाले, "मी चांगलं म्हून सांगतलं वो."

आता सरकारी दवाखान्याबद्दल. तिथे दार आपोआप उघडत नाही, ढकलावं लागतं. स्ट्रेचरही साकोलीहून आलेल्या नवऱ्याने आणि मीच ढकललं. लिफ्टपुढे माणसांची भिंत. वॉर्डात वर पंखे, खाली माणसं. खाटांवर पेशंट, खाटांमधल्या जागेत त्यांचे नातेवाईक, चटया, डबे, कोणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं. फिनेलचा वास आणि त्यातूनही जाणवणारा इतर वास. पहिल्या तासात मी तीन जणांशी भांडले. औषधासाठी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून पुन्हा पहिलीवर. ज्यांना हे सगळं फार छान वाटतं त्यांनी एकदा त्या लिफ्टपुढे उभं राहून पाहावं.

पण एक गोष्ट होती. कोणीही मला विचारलं नाही की तुम्ही आधी कोणती पॉलिसी घेऊन ठेवली आहे. रेशनकार्ड पाहिलं, सरकारी योजनेत नाव बसवलं आणि बाबांना खाट दिली. बाजूच्या खाटेवर मोहाडीकडचे एक धान पिकवणारे काका होते. त्यांच्या बायकोने न विचारता आपल्या डब्यातलं लाखोरीचं वरण आणि भात बाबांपुढे केला. बाबांनी दोन घास खाल्ले. त्या थंड खोलीत त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं. दुपारी वॉर्ड पेंगायला लागला की पंख्यांचा एकसारखा आवाज यायचा, खिडकीतून उन्हाचे पट्टे आत पडायचे, आणि त्या सगळ्या झोपलेल्या माणसांमध्ये बसून मला वाटायचं की आमचं सगळं गावच इथे येऊन पडलंय.

तिसऱ्या प्रहरी एक तरुण डॉक्टर बाई आली. डोळे झोपेने जड, पेन केसांत खोवलेलं. ते काढत ती बाबांच्या खाटेच्या कडेवरच बसली.

"बाबा, कधीपासून दुखतंय?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं, मिटलं. मग माझ्याकडे झुकून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "काय सांगू, बाई?"

आयुष्यभर मला काय सांगायचं ते शिकवणारा माणूस मला विचारत होता की त्याच्या छातीत कधीपासून दुखतं. मला रडू फुटलं. डॉक्टर बाईला काय समजलं कोण जाणे, पण तिने पेन केसांत परत खोवलं आणि म्हणाली, "बाबा, इथे उत्तराचे पैसे लागत नाहीत. नवं असो, जुनं असो, ऑपरेशन तेच. मला फक्त खरं सांगा, म्हणजे मी नीट करीन."

बाबा कोपरावर उठून बसले.

"पोयापासून," ते म्हणाले. "बैल धुवाले लोक तलावात आले होते. मी जाळं ओढत होतो तं एकाएकी हात जड झाला. त्याच्या पयले कधीच नाही, देवाशपथ."

पोळा म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीला. पॉलिसी उन्हाळ्यातली.

"मग सांगितलं काहून नाही?" मी ओरडलेच. शेजारचे काका उठून बसले.

"त्या एजंटानं सांगतलं होतं ना. पयल्या सालात बिमार पडलं तं कार्ड चालत नाही म्हने. मंग मी ठरवलं, सालभर काढून घेऊ. उनारा लागला का सांगू." मग माझा हात धरून, समजूत घातल्यासारखं, "तू एवढं घेऊन देल्लं. तुह्यं नुकसान कायले करू मी?"

एजंटाने कुठल्या तरी ठरावीक आजारांबद्दल सांगितलं असणार. तसा काहीतरी नियम असतो, नंतर मी पुस्तिकेत शोधून काढला. बाबांनी तो सगळ्या दुखण्यांना लावला आणि छातीतली कळ धान झाकून ठेवावं तशी झाकून ठेवली. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळीला ते माझ्याकडे जेवून गेले, पुरणाच्या पोळीवर दोनदा तूप घेतलं. आणि मी ओट्यावर त्यांच्या शेजारीच बसले होते. मला त्या वेळी इतका संताप आला की कोणावर काढू ते कळेना. एजंटावर, कंपनीवर, त्या गोड पोरावर, बाबांवर. मी त्यांनाच बोलले, वाट्टेल तसं बोलले. ते ऐकत राहिले. मग मोहाडीच्या काकूंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "झालं, आता नोको बोलू. जिवंत हाये ना."

ऑपरेशन झालं. त्या दिवशी मी जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसले होते. माझा डोळा लागला असावा, कारण तलाव दिसत होता आणि त्यात ते काचेच्या पेटीतले रंगीत मासे, आणि बाबा डोंग्यातून वाकून त्यांना विचारत होते, कवापासून, कवापासून? मासे तोंड उघडत, मिटत. जाग आली तेव्हा जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती आणि कोणाचा पाय लागू नये म्हणून मी माझे पाय पोटाशी ओढून घेतले.

तिथे बसून मी पुष्कळ विचार केला. एका दवाखान्यात दुखणं जुनं असल्याशिवाय कोणी मान वर करत नव्हतं. दुसऱ्यात जुनं निघालं की पाठ फिरत होती. बाबांनी दोघांनाही त्यांच्या त्यांच्या मनाजोगं उत्तर देण्यात जन्म घालवला आणि खरं दुखणं मधल्या मधे राहून गेलं. लोक मला विचारतात, कोणता बरा, सरकारी की विम्याचा? मी काही शहाणी नाही. विम्याच्या खोलीत माझे बाबा माणसासारखे झोपले हे मी विसरणार नाही, आणि सरकारी खाटेवर ते वाचले हेही नाही. मला इतकंच कळतं की आजारी माणसाला जिथे आधी उत्तर जुळवावं लागतं, तिथे त्याचं अर्धं बळ त्यातच जातं. रंग जुळवणं माझं काम आहे, ते दुकानात ठीक आहे. छातीत कळ आलेल्या माणसाला तेवढं तरी करायला लावू नये.

संध्याकाळी डॉक्टर बाई बाहेर आली. म्हणाली, बाबा चांगले आहेत. मग थांबून म्हणाली, पोळ्याला आणलं असतं तर हृदय इतकं थकलं नसतं. आता त्यांना जाळं ओढता येणार नाही.

हे मी त्यांना घरी आल्यावर सांगितलं. आता ते पाळीवर बसतात आणि दुसऱ्यांना सांगतात, जाळं कुठे टाकायचं. लोक त्यांचं ऐकतात, कधी मुद्दाम चुकीच्या जागी टाकून त्यांना चिडवतातही. डोंगा त्यांनी पुतण्याला दिला. देताना आतून पुसून दिला, एवढं मात्र मला शेजारणीने सांगितलं.

कंपनीला मी अर्ज केला, सगळं खरं खरं लिहिलं. उत्तर येतं, की तुमचा अर्ज विचारात आहे. आणि बाबांच्या पॉलिसीचं वर्ष भरलं तेव्हा मी माझी, नवऱ्याची आणि लेकीची पॉलिसी घेतली. हो, घेतली. मला त्या लिफ्टची आणि त्या रांगेचीही भीती वाटते. माणसाला भीती असली की तो दोन्ही दारांना हात लावून ठेवतो. माझ्यावर हसायचं असेल तर हसा.

बाबांच्या बाबतीत मात्र कुठलंच कार्ड माझ्या कामाचं नव्हतं. ते पुन्हा लपवतील, हीच माझी धास्ती होती. रोज सकाळी मी फोन करायचे, "दुखतं का?" आणि रोज तेच उत्तर, "नाही वो, मस्त हावो." मी त्यावर कधीच विश्वास ठेवला नाही. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतही ते मस्तच होते. मी रागवायचे, विनवायचे, एकदा तर शपथ घातली. "मस्त हावो," ते म्हणायचे.

परवा सकाळी मी दुकान उघडून नुकता केर काढत होते. एक बाई मोरपंखी साडीचा पदर घेऊन ताटकळत उभी होती. फोन वाजला, बाबांचा. फोन नेहमी मी करते, ते करत नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "छातीत दुखून राहिलं."

माझ्या हातातला झाडू खाली पडला. "कधीपासून, बाबा?"

"आताच. चहा पेत होतो. अजून कपबी ठेवला नाही खाली," ते म्हणाले. "पयले तुलेच सांगून राहिलो."

मी रडत होते आणि हसतही होते, आणि ती मोरपंखी साडीवाली बाई माझ्याकडे पाहत राहिली होती. मी तिला हाताने बाजूला व्हायला सांगितलं आणि शटर ओढलं.